देव कुठं पळून चाललाय?

मंगळवेढ्यात ज्यांचं घर आहे त्यांच्याकडे खास मंगळवेढ्यासाठी म्हणून पाहुणा सहसा येत नाही. पाहुणा पंढरपूरला येतो. पंढरपूर आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटर. लॉजचं भाडं आणि दर्शनाची रांग यांचा मनाशी हिशेब झाला की त्याला आमची आठवण येते. "फार दिवसांत गाठभेट नाही, म्हटलं येऊन जावं," असं तो फोनवर म्हणतो आणि ठेवता ठेवता सहज विचारतो, "पंढरपुरात कुणी ओळखीचं आहे का हो? म्हणजे रांगेत तेवढं..." पंढरपुरात आमच्या ओळखीचा एक विठोबाच. पण पाहुण्याला असं तोंडावर सांगत नाहीत. "बघू की," म्हणायचं.

विठोबा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता प्रश्न येतो, "मग, तुमच्या मंगळवेढ्यात बघण्यासारखं काय आहे?"

इथं आमची पंचाईत होते. कारण आमच्या गावाची सगळी श्रीमंती माणसांची, आणि ती माणसं गाव सोडून गेलेली. बाराव्या शतकात इथं कलचुरी बिज्जलाची राजधानी होती, ती पुढे कल्याणला गेली. महात्मा बसवेश्वरांची पहिली नोकरी इथल्या खजिन्यात, हिशेब लिहायची, असं परंपरा सांगते. पण त्यांचं मोठं काम झालं ते कल्याणला. कान्होपात्रा इथली, पण तिनं देह ठेवला पंढरपुरात, विठोबाच्या पायाशी. चोखोबा १३३८ साली इथंच गावकुसाचं काम करताना ढिगाऱ्याखाली गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला नेल्या. स्वामी समर्थ कितीतरी दिवस इथं राहिले आणि झाले मात्र अक्कलकोटचे. थोरामोठ्यांच्या चरित्रात मंगळवेढं म्हणजे बदली होण्याआधीचं ठाणं.

पाहुणा हे सगळं माना डोलावत ऐकतो. ऐकून झाल्यावर म्हणतो, "वा वा! पण बघायला काय आहे?"

मग आम्ही म्हणतो, "माचणूरला जाऊ या."

आमचे पुण्याचे साडू आले होते तेव्हाही हेच झालं. बरोबर त्यांच्या मातोश्री होत्या. त्यांना आम्ही मावशी म्हणतो. साडूंनी 'माचणूर' हे नाव ऐकताच मोबाईल काढला. हल्ली देवळात जाण्याआधी देवाला किती तारे मिळालेत ते बघायची पद्धत आहे. लोक देवावरही अभिप्राय लिहितात. 'मंदिर प्राचीन आहे, पार्किंगला जागा भरपूर.' 'परिसर शांत. जेवणाची सोय आपली आपण करावी.' कुणी 'नदी छान आहे' असंही लिहून ठेवतं. महादेवाची एकूण कामगिरी समाधानकारक आहे अशी खात्री झाल्यावर साडू म्हणाले, "अर्धा तास पुरे होईल ना? अकराला निघू, बाराला परत. मग जेवून दोनला पुण्याला सुटू."

मावशींनी काही न बोलता स्वैपाकघरात जाऊन भाकऱ्या बांधून घेतल्या. मुलाला त्या जन्मापासून ओळखतात.

माचणूर सोलापूरच्या रस्त्यावर, मंगळवेढ्यापासून चौदा-पंधरा किलोमीटर. रस्ता आता असा गुळगुळीत आणि चौपदरी झालाय की गावं कधी येऊन गेली ते कळत नाही. दोन्ही बाजूंना काळी जमीन, आणि पीक म्हणजे ज्वारी. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते उगीच नाही. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हिला विहिरीचं पाणी लागत नाही की कालव्याचं. परतीच्या पावसाची ओल काळ्या मातीनं पोटात धरून ठेवलेली असते, वरून थंडीचं दंव पडतं, तेवढ्यावर ती कंबरेच्या वर जाते. शेतकऱ्यानं पेरायचं आणि वाट बघायची. वाट बघणं हे आमच्या तालुक्याचं मुख्य पीक. ज्वारी त्यातलं आंतरपीक.

साडू काचेतून बघत म्हणाले, "आम्ही पण आता ज्वारीच खातो. ग्लुटेन नसतं त्यात." पुण्यात ज्वारी पोटासाठी खात नाहीत, रिपोर्टसाठी खातात.

ज्वारी दिसली की दामाजीपंतांची गोष्ट सांगावीच लागते. मंगळवेढ्याच्या माणसाला त्यातून सुटका नाही. पंधराव्या शतकातला दुष्काळ. दामाजीपंत बिदरच्या बहामनी सुलतानाचे इथले अधिकारी. माणसं टाचा घासून मरताना बघून त्यांनी सरकारी कोठारं उघडली आणि धान्य वाटून टाकलं. सुलतानानं पकडून आणायचा हुकूम सोडला. तेवढ्यात विठोबा विठू महाराचं रूप घेऊन बिदरच्या दरबारात हजर झाला, सगळ्या धान्याची रक्कम चुकती केली आणि निघून गेला.

"पावती घेतली का?" मावशींनी विचारलं. मावशींचे यजमान पोस्टात होते.

"घेतली तर! दामाजीपंतांच्या गीतेच्या पोथीतच ती निघाली."

"मग ठीक आहे," मावशी म्हणाल्या. त्यांच्या लेखी चमत्कार आता कायदेशीर झाला होता.

माचणूरचं सिद्धेश्वराचं देऊळ भीमेच्या अगदी काठावर आहे. जुनं, काळ्या दगडाचं, हेमाडपंती म्हणतात त्या घडणीचं. देवळापासून रुंद दगडी घाट थेट पाण्यात उतरतो. समोर नदीच्या पात्रातच, खडकावर, जटाशंकराचं छोटं देऊळ. पलीकडे बेगमपूर. एवढ्यात सगळं आलं. माचणूर एका नजरेत मावतं, आणि हीच त्याची अडचण. एका नजरेत मावलं की माणसाला वाटतं, बघून झालं.

मी पुष्कळदा घाटावर बसून येणाऱ्यांना बघत असतो. मराठी कुटुंब देवळाशी उतरल्यापासून त्याचं एक ठरलेलं वेळापत्रक असतं. पहिली काही मिनिटं चपला कुठं काढायच्या यावर जातात. नवी चप्पल घालून आलेल्याची भक्ती अर्धी आत, अर्धी बाहेर राहते. मग कुणीतरी एक बाहेर थांबायचं असं ठरतं, आणि थांबणारा नेमका घरातला सगळ्यात भाविक माणूस असतो. मग नळ शोधणं, पाय धुणं. नळाशेजारी साक्षात भीमा वाहत असते, पण पाय धुवायला नळच लागतो. मग आत. घंटा. लहान मुलाला उचलून घंटा. दुसऱ्या लहान मुलाला उचलून घंटा, नाहीतर ते रडतं. गाभाऱ्यात वाकून जायचं, डोकं टेकायचं, अंगारा लावायचा आणि बाहेर येताना हमखास एकमेकांना विचारायचं, "झालं का दर्शन?" जणू आत काही घडायचं होतं आणि ते घडलं की नाही याची दुसऱ्याकडून खात्री करून घ्यायची आहे.

साडू प्रदक्षिणेला निघाले आणि तरातरा पूर्ण गोल फिरू लागले. एवढ्यात नंदीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्यांनी हाळी दिली, "ओ मालक! थांबा की! वलांडू नका ती!" सोलापूरकडे अनोळखी माणसाला मालक म्हणतात. साडू पुण्याचे असल्यामुळे ते आधी मालक कोण आहे ते बघायला मागं वळले.

महादेवाच्या अभिषेकाचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नसते. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं मागं फिरायचं. म्हणून महादेवाची प्रदक्षिणा अर्धी. हे ऐकून साडूंना महादेव एकदम आवडला. अर्ध्यात भागवणारा देव त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. पण म्हातारे जाणकार होते. त्यांनी सांगितलं, हिकडनं तिथवर जायचं, माघारी नंदीपाशी यायचं, मग तिकडनं पुन्हा तिथवर जायचं, आणि पुन्हा माघारी यायचं, तवा ती एक झाली. साडूंनी मनातल्या मनात गणित केलं. अर्धी म्हणतात ती चालायला दुप्पट भरत होती. "म्हणजे नाव अर्धं आणि बिल पूर्ण," ते पुटपुटले. पण फिरले बिचारे. मावशी बघत होत्या.

बाहेर आल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. "सतरा मिनिटं. चला, अजून काय आहे?"

"बसा की वाईच," म्हातारे म्हणाले. आता आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो होतो. "देव कुठं पळून चाललाय?"

या प्रश्नाला पुण्याच्या माणसाकडं उत्तर नसतं.

घाटावर त्या दिवशी बऱ्यापैकी वर्दळ होती. कर्नाटकातून आलेलं एक कुटुंब कपाळभर विभूती लावून डबे सोडत होतं. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावांतून कानडी चालतेच, त्यामुळे मामा त्यांच्याशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत, एकाच वाक्यात दोन्हीकडे, बोलत होते. पाचव्या-सहाव्या पायरीवर लग्न ठरलेल्या एका जोडप्याचे फोटो काढणं चाललं होतं. नवरा मुलगा शेरवानीत, उन्हानं भाजून निघालेला. फोटोवाला सांगत होता, "सर, मॅडमकडे बघू नका, नदीकडे बघा. काहीतरी विचार करताय असं दाखवा." मुलगा खरंच काहीतरी विचार करू लागला, तर फोटोवाला म्हणाला, "एवढा नको." रुपेरी पडदा धरून उभा असलेला पोरगा दर दोन मिनिटांनी तो खाली ठेवून मोबाईल बघत होता, आणि पडद्यावरची तिरीप शेजारी कपडे धूत बसलेल्या बाईच्या डोळ्यांवर जात होती. ती प्रत्येक वेळी हात आडवा धरून म्हणायची, "आरं, माझं लगीन झालंय!"

आणि या सगळ्यापासून हातभर अंतरावर एक नऊवारीतली आजी पितळी तांब्या वाळूनं घासत बसली होती. आधी बाहेरून, मग काठ, मग बोटं आत घालून तळ. घासून झाल्यावर तिनं तांब्या पाण्यात बुडवला, वर काढून उन्हात धरला, पोटापाशी राहिलेला एक काळा डाग दिसला, आणि पुन्हा वाळू घेतली. तिला पुण्याला जायचं नव्हतं.

मामा मात्र रंगात आले होते. माचणूरला नवं माणूस आलं की औरंगजेब निघतोच. याचं कारण तो इथं खरंच राहिला. आला आणि गेला असं नाही, चांगला मुक्काम ठोकून राहिला. १६९५ च्या मे महिन्यात त्यानं शेजारच्या ब्रह्मपुरीला छावणी घातली, गावाचं नाव बदलून इस्लामपुरी केलं, आणि १६९९ च्या ऑक्टोबरपर्यंत तो इथून हलला नाही. साडेचार वर्षं. आला तेव्हा वय शहात्तर. आमच्याकडे या वयात माणसाला पारावर बसवतात, आणि नातवंडांवर लक्ष ठेवण्यापलीकडे त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवत नाहीत. हा गृहस्थ हिंदुस्थानची अर्धी फौज घेऊन मराठ्यांचा बंदोबस्त करायला बसला होता.

छावणी म्हणजे दहावीस तंबू नव्हेत. इथं येण्याच्या थोडं आधी, त्याच १६९५ साली, ती कृष्णेकाठी गलगल्याला होती. तिथं जेमेली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी बादशहाला भेटला. त्यानं लिहून ठेवलंय की साठ हजार घोडेस्वार, एक लाख पायदळ, पन्नास हजार उंट, तीन हजार हत्ती, आणि बाजारबुणगे धरून पाच लाख माणसं. तो आकडा थोडा फुगवलेला धरला तरी काय? आजसुद्धा माचणूरच्या घाटावर पाच लाख माणसं म्हणजे महाशिवरात्रीच्या जत्रेची व्यवस्था बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येईल.

पुस्तकातला इतिहास सांगतो की ती साडेचार वर्षं बादशहाला फारशी सुखाची गेली नाहीत. छावणी टाकून सहा महिने होतात न होतात तोच संताजी घोरपड्यांनी दोड्डेरीला मोगल सरदार कासीमखानाला कोंडून त्याची फौज नागवली. दोनच महिन्यांनी दुसरा सरदार हिंमतखान पडला. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला असा पूर आला की छावणीची दाणादाण उडाली; बादशहानं स्वतःच्या हातानं प्रार्थना लिहून ते कागद पाण्यात सोडले, असं सांगतात. पुढच्या वर्षी जिंजीचा किल्ला हाती आला, पण ज्यांच्यासाठी एवढी वर्षं वेढा घातला ते राजाराम महाराज आधीच तिथून निसटले होते. बातम्या सगळ्या इथं येत होत्या, याच नदीकाठी. अखेर ऐंशी वर्षांचा बादशहा वैतागून स्वतःच किल्ले घ्यायला निघाला. तो दिल्लीला काही परत गेला नाही. १७०७ साली अहमदनगरला सगळं संपलं.

मामांच्या इतिहासात यातलं काही नाही. मामांच्या इतिहासात दोनच पात्रं आहेत, बादशहा आणि सिद्धेश्वर, आणि दोघं शेजारी. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत व्हायचं ते झालं. बादशहानं देवाची खोड काढायची ठरवली आणि झाकलेल्या ताटातून नैवेद्य म्हणून मांस पाठवलं. ताटावरचं फडकं काढलं तर आत पांढरी शुभ्र फुलं. गावाचं नावसुद्धा त्यावरूनच पडलं असं गाव सांगतं. बादशहा वरमला आणि देवाला इनाम देऊन मोकळा झाला.

"तुम्हाला हे खरं वाटतं?" साडूंनी विचारलं. ते इंजिनियर आहेत.

मामांनी त्यांच्याकडं दयेनं बघितलं. "मालक, त्यो बादशहा हुता. त्याला बी आधी खरं वाटलं न्हाई."

मला मामांच्या इतिहासातली एक गोष्ट फार आवडते. त्यात औरंगजेबाबद्दल राग फारसा नाही. म्हणजे बाकी महाराष्ट्रात आहे, असणारच, आणि पुस्तकं वाचलेल्या माचणूरच्या पोरांतही आहे. पण नदीकाठची म्हातारी माणसं त्याच्याबद्दल बोलतात तो सूर निराळा असतो. न बोलावता आलेला, जाता जात नसलेला, स्वतःला फार शहाणा समजणारा पाहुणा गेल्यावर घरातली माणसं मागं ज्या सुरात बोलतात, तो. 'आमच्याकडंच हुता की चार वर्सं,' असं म्हणतात. त्या 'आमच्याकडं'मध्ये तक्रार किती आणि मिरवणं किती, ते काटा लावून तोललं तरी कळायचं नाही.

बादशहाच्या गढीचे अवशेष गावाजवळ अजून आहेत. साडूंना तेही बघायचं होतं, म्हणून गेलो. तट पडलेला, आत बाभळी आणि शेळ्या. शेळ्या राखणाऱ्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "किल्ला हाय. पर आत काय न्हाई." इतिहासावरचा इतका नेमका अभिप्राय मी कुठल्या ग्रंथात वाचला नाही. साडूंनी दोन फोटो काढले, शेळीचा एक काढला, आणि शेळीचाच चांगला आला.

परत घाटावर आलो तेव्हा मावशी तिथंच. त्या गढीकडे आल्याच नव्हत्या. पायरीवर पदर पसरून बसल्या होत्या, शेजारी तांब्यावाली आजी, आणि दोघींचं सुनांपर्यंत आलं होतं.

आता जटाशंकराकडे जायचं राहिलं होतं. पाणी कमी असेल तर पात्रातून चालत जाता येतं. पावसाळ्यात मात्र पूर आला की देव पाण्याखाली. दर पावसाळ्याला याची तयारी ठेवायची. पाणी ओसरलं की गाळ काढायचा, देवाला आंघोळ घालायची, चार फुलं वाहायची, की पुन्हा दर्शन सुरू. पात्रात देऊळ बांधणाऱ्या माणसानं पुराचा विचार केला नसेल असं मानायला मी तयार नाही. त्यानं पुराला घाबरायचं नाही एवढंच ठरवलं असावं. बादशहाची अख्खी छावणी जिथं एका पावसाळ्यात विस्कटली, तिथं एक हातभर देऊळ दर वर्षी बुडतं आणि दर वर्षी वर येतं.

उन्हाळ्यातली गंमत आणखी वेगळी. १९८० साली वर उजनीचं धरण झालं, तेव्हापासून भीमा आपल्या मनानं वाहायची बंद झाली. ऐन उन्हाळ्यात तिचा घसा कोरडा पडतो. मग सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. आवर्तन सुटलं की ते पंढरपूरवरून माचणूरवरून खाली जातं. त्यामुळे वैशाखात सिद्धेश्वराच्या पायथ्याशी गंगा येते ती सोलापूरच्या टाकीकडं जाता जाता. आवर्तन लांबलं की इकडे देव कोरडा, तिकडे शहर कोरडं. दोघांचं गाऱ्हाणं एकाच खात्याकडं.

नदीतली वाळू मात्र कुठल्याही आवर्तनाची वाट न बघता जाते, पण तो विषय पंचक्रोशीत कुणी मोठ्यानं बोलत नाही, मीही बोलत नाही.

माचणूरला पुष्कळ साधुसंत येऊन राहिले. विसाव्या शतकात बाबामहाराज आर्वीकरांनी इथं साधना केली, त्यांचा आश्रम इथं आहे, आणि त्यांना मानणारी माणसं लांबून लांबून येतात. मठ, आश्रम, साधना म्हटलं की शहरी माणसाचे डोळे चमकतात. साडूंचेही चमकले. त्यांच्या कंपनीनं अलीकडेच सगळ्यांना दोन दिवसांचं ध्यानाचं शिबिर दिलं होतं. त्यात तासातासाला काय करायचं त्याचा छापील तक्ता होता, मध्ये कॉफी होती, आणि शेवटी मन शांत झाल्याचं प्रमाणपत्र होतं.

"इथं रोजचा कार्यक्रम काय असतो?" त्यांनी मामांना विचारलं.

"कसला?"

"म्हणजे साधना करणारे लोक. सकाळी उठल्यावर काय करतात?"

"बसत्यात."

"आणि मग?"

मामांनी बराच विचार केला. त्यांना पाहुण्याला नाराज करायचं नव्हतं. "सांच्याला बी बसत्यात."

साडूंच्या चेहऱ्यावर फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाचा भाव आला. मला त्यांची बाजू कळते. आपण सगळेच आता बसायचं विसरलो आहोत. गाडीत बसतो ते पोचण्यासाठी, हॉटेलात बसतो ते खाण्यासाठी, आणि टीव्हीपुढं बसतो तेव्हा तर हातात मोबाईल असतो, म्हणजे एका वेळी दोन ठिकाणी न बसता येण्याची कला आपण मिळवली आहे. नुसतंच, कशासाठीही नाही, असं बसायचं म्हटलं की दहाव्या मिनिटाला मनात येतं, गॅस बंद केलाय ना? साधूंचा धंदाच बसण्याचा. त्यासाठी जागा लागते ती अशी, की बघण्यासारखं जे आहे ते पहिल्या नजरेतच संपून जावं. म्हणून साधू लोक नदीचा काठ धरतात. डोंगराच्या टोकावर गेलं की लगेच 'पॉइंट' तयार होतो आणि मागोमाग मक्याची कणसं येतात.

माझं तर मत आहे की माचणूरला साधूंशिवाय दुसरा नीट बसलेला माणूस म्हणजे औरंगजेबच. त्याला बसायचं नव्हतं एवढाच काय तो फरक.

साडेबारा झाले. साडूंनी किल्ल्या बोटावर फिरवायला सुरुवात केली. "आई, निघायचं ना?"

"मी भाकरी खाल्ल्याशिवाय उठणार नाही," मावशी म्हणाल्या.

फडकं सुटलं. मालदांडीची भाकरी, शेंगांची चटणी, ठेचा, कांदा, आणि घरचं दही. आजींनी आपल्या गाठोड्यातून पिठलं काढलं. कर्नाटकातल्या मंडळींनी न विचारता होळग्या वाढल्या, त्या पुरणपोळ्यांच्या चुलतबहिणीच. मामांना आग्रह केला, तर ते "न्हाई, न्हाई, घरी जेवून आलोय" म्हणत दोन भाकरी जेवले. साडूंनी पहिली भाकरी उभ्यानं खाल्ली. दुसरी उकिडवं बसून. तिसरीला मांडी घातली. फोन वाजला, तो त्यांनी उलटा करून पायरीवर ठेवला. फोटोवाल्यांचं शूटिंग आटोपलं होतं. नवरा मुलगा शेरवानीच्या वरच्या गुंड्या सोडून कठड्यावर बसला होता आणि आता कुणी न सांगता नदीकडे बघत होता.

मावशींनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता मामांना विचारलं, "अहो मामा, ती बादशहाची माणसं किती म्हणालात?"

मी मधे पडून सांगितलं, "पाच लाख, मावशी. तो इटालियन म्हणतो तसं."

"पाच लाख," मावशींनी बोटांवर काहीतरी मोजलं. "माणशी दोन भाकरी धरल्या तरी एका वेळच्या दहा लाख. त्या कोण थापत होतं?"

साडू, मी, मामा, तिघंही गप्प. एवढी वर्षं मी औरंगजेबाच्या छावणीविषयी वाचतोय. हत्ती कळले, उंट कळले, तोफा कळल्या, तंबूंचा रंगसुद्धा कुठंतरी वाचलाय. दहा लाख भाकऱ्यांचा परातीतला पहिला गोळा कुणी मळला ते एकाही पुस्तकात नाही.

"आन् दळण?" आजी म्हणाली. "जात्यावर काढायचं म्हंजी पहाटं कवा उठत असतील बाया?"

"ते ठाऊक न्हाई," मामा सावरत म्हणाले. "पर ज्वारी आमचीच खाल्ली असणार. दुसरं हाय काय हिकडं?"

"साडेचार वर्षं?"

"साडेचार वर्सं."

"आणि पैसे?"

"कुणी दिलं?" मामा उसळून म्हणाले. मांसाच्या ताटाची गोष्ट सांगताना ते एवढे तापले नव्हते. "बादशहाकडं मागायला कोण जातंय?"

"म्हणजे दामाजीपंतांची बाकी विठोबानं येऊन भरली, आणि याची तशीच राहिली?"

"तशीच हाय की."

मावशींनी भाकरीचा शेवटचा घास चटणीला लावला. "मग सिद्धेश्वरानं फुलांवर का सोडलं त्याला? आधी हिशेब मागायचा."